सशाचा परवाना आणि चवीचा रकाना

बाळांनो, आधी माझी काळजी ऐका. शेजारच्या कर्णिककाकूंनी माझ्या लेकीसाठी, इरूसाठी, बुद्धीचं चूर्ण दिलंय. त्यांच्या नातवाला लागू पडलं म्हणे. त्यांचा नातू मी पाहिलाय, म्हणून तर दोन रात्री झोप नाही. शेवटी आज चमचाभर चूर्ण दुधात घातलंच. इरू पेला तोंडाला लावेना. म्हणून तिला ही गोष्ट सांगायला घेतली.

एका जंगलात कोल्होबा नावाचे वैद्य होते. सिंहाच्या छाव्यासाठी त्यांनीही बुद्धीचं चूर्ण केलं. छाव्याला द्यायच्या आधी ते सशाला देऊन बघायचं ठरलं.

ससा म्हणाला, "असं कसं? काही नियम आहेत की नाही?"

नव्हते. मग केले. समिती बसली. हत्ती अध्यक्ष. सशांची बाजू मांडायला लांडगा, कारण सशांचा अनुभव त्यालाच जास्त.

कोल्होबांनी सशावर प्रयोग करायच्या परवान्यासाठी अर्ज भरला. पिंजरा: ऐसपैस. गवत: कोवळं. प्राण्याऐवजी दुसऱ्या कशावर प्रयोग करून पाहिला का? 'दगडाला चाटवलं. दगड हुशार झाला नाही.'

"अर्ज चोख आहे," लांडगा म्हणाला.

"आणि मला नको असेल तर?" सशाने विचारलं.

हत्तीने अर्ज उलटसुलट करून पाहिला. "तसा रकाना नाही रे, बाळा."

शिक्का उमटणार, एवढ्यात सशाला काहीतरी दिसलं. "अध्यक्षमहाराज, चवीचा रकाना रिकामा आहे."

हत्ती नियमाचा पक्का. "कोल्होबा, तेवढं भरून टाका."

कोल्होबांनी चमचाभर चूर्ण जिभेवर ठेवलं. 'कडू' असं लिहिलं. मग ते आपणहून पिंजऱ्यात शिरले, गवत खाऊ लागले आणि हत्तीला आई म्हणाले.

ससा सुटलो म्हणत घरी निघाला. वाटेत लांडग्याने त्याला नोटीस दिली. परवाना सशाचा मागितलेला असताना कोल्ह्यावर विनापरवाना प्रयोग घडवून आणल्याबद्दल.

"आता काय करू?" ससा रडवेला झाला.

"कालच्या तारखेने कोल्ह्याचा परवाना मागून घे. पिंजरा आहे, गवत आहे."

सशाने अर्ज केला. परवाना लगेच मिळाला. चवीचा रकाना भरलेलाच होता.

तात्पर्य: औषध कोणालाही द्यावं. पिंजरा ऐसपैस ठेवावा, गवत कोवळं घालावं, कागद पुरे करावेत. चव तेवढी आपण बघू नये.

इरूने सगळं नीट ऐकून घेतलं आणि पेला माझ्याकडे सरकवला.

"आधी तू पी. पण मग मला आई म्हणायचं नाही."