धुरोबाचे जेवण

एका जंगलात, मुलांनो, थंडी इतकी पडायची की सकाळी पाणी प्यायला गेलेल्यांना आधी नदी फोडावी लागे. म्हणून सगळ्या प्राण्यांनी मिळून एक शेकघर बांधले होते. मधोमध मोठी चूल आणि तिच्यावर छपराबाहेर जाणारे दगडी धुराडे. हिवाळाभर सगळे तिथेच राहत.

चिमा सशिणीला त्या वर्षी सहा पिल्ले झाली. त्यांना धुराड्याला लागून असलेला, सगळ्यात उबदार कोपरा मिळाला. पण कार्तिक लागला आणि तिथल्या भिंतीला ओल आली. थेंब गळू लागले. पिल्ले शिंकू लागली.

चिमाने धोंडबा साळिंदराला बोलावले. धोंडबा गवंडी होता. तो छपरावर चढला, धुराड्याभोवती नख फिरवून खाली आला.

"दरजा उघड्या पडल्यात, चिमाताई. दोन दगडांमधला चुना झडलाय. पाणी आत शिरतं, गोठलं की फुगतं आणि दगड ढकलतं. आज थेंब आहे. पौषात अख्खं धुराडं पिल्लांवर येईल."

"मग भर ना बाबा."

"भरतो की. अजून थोडे दिवस कोरडे आहेत."

तेवढ्यात भागाबाई अस्वलीण आली. जंगलातली सगळी व्रते तिच्याकडे असत. तिने भिंतीकडे टक लावून पाहिले. ओलीचे दोन गोल डाग होते, खाली एक लांबट. तिने हात जोडले.

"अगं, हे डोळे. हे नाक. आपला धुरोबा रडतोय."

झाले. भिंतीला हळदकुंकू लागले. थेंबांखाली वाटी आली. वाटीतले पाणी तीर्थ म्हणून वाटले गेले. धुरोबाची समजूत काढायला भागाबाईने सर्वांना सात शनिवारांचे व्रत दिले.

धोंडबा थापी घेऊन आला, तर तिने वाट अडवली.

"देवाच्या डोळ्यांत चुना घालतोस?"

"बाई, डोळे आतून आहेत. मी बाहेरून भरतोय."

"उद्यापन होऊ दे, मग बघू."

"सातव्या शनिवारपर्यंत दगड थांबायचे नाहीत."

"तुला मेल्या दगडांपलीकडे काही दिसतं का?"

सगळे हसले. धोंडबा एकेकाच्या कोपऱ्यात जाऊन समजावत राहिला. सगळ्यांनी त्याला तीर्थ दिले.

चिमानेही व्रत मनापासून धरले होते. एकवेळ जेवायची, देवाला पिल्लांसाठी हात जोडायची. पहिला शनिवार झाला आणि वरचा एक दगड बोटभर सरकला. चिमा तशीच उठून धोंडबाकडे गेली.

"दरजा भरायला काय काय लागतं? अगदी पहिल्यापासून सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "भागामावशी, मला स्वप्न पडलं."

सगळे गोळा झाले.

"धुरोबा म्हणाला, मी उपाशी आहे म्हणून रडतो. तुम्ही आत हळदकुंकू लावता, पण माझी तोंडं बाहेर आहेत, छपरावर."

"मला वाटलंच होतं," भागाबाई म्हणाली. "नैवेद्य काय म्हणाला?"

"चुना, बारीक वाळू आणि गुळाचं पाणी."

"गूळ म्हणाला ना? मग देवच तो."

"जेवणाआधी तोंडं खरवडून स्वच्छ करायची, ओलसर करायची. घास खोलवर दाबून भरवायचा, वरवर लावला तर पावत नाही. आणि जेवल्यावर त्याला थंडी वाजते, म्हणून सात दिवस गोणपाट पांघरायचं."

मागे उभ्या असलेल्या धोंडबाचे काटे उभे राहिले.

त्याच दुपारी अख्खे जंगल छपरावर चढले. धोंडबाही शिडीला लागला, पण भागाबाईने त्याला थांबवले. तो सोवळ्यात नव्हता. मग तो खालूनच मान उंचावून सांगू लागला, "आत दाबा, अजून आत दाबा." सगळ्यांना वाटले ते धुरोबाचे स्तोत्र आहे. तेही एका सुरात म्हणू लागले. आत दाबा, अजून आत दाबा. आणि दाबत गेले.

आठव्या दिवशी गोणपाटे निघाली. मग महिनाभर बर्फ पडले. एक थेंब गळला नाही. भिंत वाळली, डोळे गेले, नाकही गेले.

"प्रसन्न होऊन अंतर्धान पावला," भागाबाई म्हणाली. तीर्थ बंद झाल्याची थोडी हळहळ तिला वाटली. "बघितलंस, धोंडबा? आणि तू म्हणे तिथे चुना भरणार होतास."

"चुकलंच माझं," धोंडबा म्हणाला आणि वर पाहत राहिला. दरजा छान बसल्या होत्या.

उद्यापनाच्या पंगतीत चिमाने पहिले पान त्याला वाढले. सहाही पिल्ले कोपऱ्यात कोरडी झोपली होती. मग तिने देवापुढे जाऊन कान धरले. देव काही बोलला नाही. त्यालाही पिल्लांची काळजी असणारच.

तेव्हापासून दर कार्तिकात धुरोबाला जेवण असते. त्या जंगलात आजवर एकही धुराडे पडलेले नाही. गवंड्याला मात्र अजून छपरावर चढू देत नाहीत.

तात्पर्य: नेहमी खरे बोलावे. मात्र ते आपल्याला ठाऊक आहे असे सांगू नये, स्वप्नात दिसले असे सांगावे.