खोली क्रमांक चारमधला दुर्मिळ बेडूक

आमच्या हरित क्षेत्र विभागाच्या इमारतीमागे दीड एकराची राई असून तिच्यात एक तळं आहे, ही बाब विभागाच्या निदर्शनास प्रथम आली ती वाहनतळासाठी जागा शोधताना. मी स्वतः गेली अकरा वर्षं रोज दीड वाजता तळ्याकाठच्या बाकावर बसून जेवतो. पण जेवताना माणूस डब्यात बघतो. आजूबाजूला बघत बसलं तर भाजी गार होते. मी या विभागाचा हेडक्लार्क. कामाच्या वेळेत निसर्गाकडे पाहिल्याचा आरोप माझ्यावर कोणी करू शकणार नाही.

नियम साधा होता. झाडं तोडण्यापूर्वी तिथे किती जातींचे जीव राहतात ते मोजायचं. पंचवीस किंवा जास्त भरले तर राई राहील, कमी भरले तर गाड्या राहतील. मोजणी आवाजावरून करायची होती. डब्याएवढं एक हिरवं यंत्र महिनाभर झाडाला बांधायचं, ते दर तासाला दहा मिनिटं आवाज टिपणार, आणि मग सॉफ्टवेअर कोण कोण बोललं ते ओळखणार. यंत्र घेऊन सल्लागार मॅडम आल्या, तेव्हा आमचे माळीकाका हात पुसत पुढे झाले. राईत त्यांना तेवीस वर्षं झालीत.

"यंत्र कशाला, बाई? मी सांगतो की. सदतीस."

"काका, तुमची अचूकता कोणी तपासली आहे का?" मॅडमनी आदबीने विचारलं.

"बायको रोज तपासते. पण घरी."

ही तपासणी शासनमान्य नसल्याने सदतीस हा आकडा ग्राह्य धरता आला नाही. काका हसले नाहीत. तळ्याच्या कडेला मातीत एक बीळ आहे, त्यात खंड्याची अंडी आहेत, दोन महिन्यांत पिल्लं उडतील, तोवर तरी कुऱ्हाड नको, एवढंच म्हणाले. मी ती विनंती आवक नोंदवहीत घेतली. आवक नोंदवहीतून सहसा कोणी उडून जात नाही.

यंत्र रीतसर भांडारात जमा झालं आणि तिथेच पहिली अडचण आली. आमच्या भांडारपाल बाई नियमाच्या पक्क्या. मौल्यवान वस्तू उघड्यावर ठेवायची नाही, कुलपात ठेवायची, असा नियम आहे.

"झाडाला कुलूप आहे?" बाईंनी काकांना विचारलं.

"झाडाला कसलं कुलूप, ताई?"

"दार?"

"नाही."

"मग यंत्र चार नंबरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात राहील."

"अहो, पण पाखरं बाहेर आहेत!"

"मग त्यांना आत यायला सांगा. कार्यालयाची वेळ दहा ते साडेपाच. दारावर पाटी आहे."

चार नंबरची खोली म्हणजे माझी. यंत्र कपाटात गेलं, बाईंनी त्यावर 'राई क्र. १' अशी चिठ्ठी चिकटवली आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. पंधरा दिवसांनी वरून विचारणा आली, यंत्राची स्थिती काय? आम्ही कळवलं, यंत्र सुरक्षित आहे. हे अक्षरशः खरं होतं. सरकारी उत्तर याहून जास्त खरं असण्याची गरज नसते.

महिनाअखेरीला अहवाल आला आणि विभागात खळबळ उडाली. एकूण चौतीस जाती! पंख्याच्या दोन नंबरच्या वेगाला एक रातकिडा आणि चार नंबरला दुसरा, असे दोन रातकिडे. कपाटाच्या बिजागरीत एक घुबड. शिक्के मारण्याच्या आवाजात सुतार पक्षी, "फक्त महिनाअखेरीस सक्रिय" अशा शेऱ्यासह. भांडारपाल बाईंच्या जागी टिटव्यांची जोडी निघाली. आणि यादीत सर्वांत वर, ठळक अक्षरांत, चाळीस वर्षांपूर्वी नामशेष झालेला एक महाकाय बेडूक. आवाज खोल, घोगरा, लयबद्ध. वेळ रोज दुपारी दोन ते साडेतीन.

दुपारी दोन ते साडेतीन मी गुंतागुंतीच्या फायलींवर डोळे मिटून सखोल विचार करत असतो. अहवालावर मी 'पाहिला' असा शेरा मारून सही केली. बेडूक नाकारायचा तर कामाच्या वेळेत झोपल्याचं लेखी द्यावं लागलं असतं. सौ.ला मात्र घरी गेल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "तीस वर्षं मी ऐकतेय, मला कोणी अहवाल नाही पाठवला."

यंत्राला जागा आपोआप कळत असल्यामुळे चिठ्ठीचा उपयोग झाला नाही. अहवालात स्पष्ट लिहिलं होतं: 'अधिवास: पहिला मजला, खोली क्र. ४. राईत आढळलेल्या जाती: शून्य.'

"मॅडम, सॉफ्टवेअर चुकत तर नसेल?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"अठ्ठ्याण्णव टक्के अचूक आहे, सर."

"आणि उरलेले दोन टक्के?"

"ते म्हणजे आपलं कार्यालय, असं आपल्याला म्हणायचंय का?"

साहेबांना तसं काहीही म्हणायचं नव्हतं.

आठवड्याभरात आदेश निघाले. खोली क्रमांक चार संवेदनशील क्षेत्र जाहीर झाली. पंख्याला तेल घालण्यास मनाई. बिजागरीला हात लावण्यास मनाई. अर्ज घेऊन येणाऱ्या नागरिकांनी वन्यजीव बिथरतील असं काही विचारू नये. दोन ते साडेतीन या वेळेत खोलीत पूर्ण शांतता. माझी ठरलेली बदली रद्द झाली, आणि दोन वर्षांवर आलेल्या निवृत्तीबद्दल विचारलं, तर नामशेष प्रजातीला निवृत्त करण्याची तरतूद नसल्याचं कळलं. मला तक्रार नव्हती. इतका गाढ विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता.

पण वन्यजीवांच्या खोलीत काम करता येईना. काम करण्यासाठी नवी इमारत हवी, इमारतीसाठी रिकामी जागा हवी, आणि शून्य जाती असलेली दीड एकर जागा तर मागेच पडून होती. वाहनतळाचा प्रस्ताव मोठा होऊन चार मजली झाला. शेवटची सुनावणी लागली.

माळीकाका सुनावणीला धुतलेल्या सदऱ्यात आले. पिल्लं अजून बिळातच होती.

"पक्ष्यांबद्दल बोलणार असाल तर ती नोंद झाली आहे. शून्य," साहेब म्हणाले.

"पाखरांचं नाही, साहेब. बेडकाचं विचारतो. तो राहतो तुमच्या चार नंबरच्या खोलीत. पण जेवतो कुठे?"

साहेबांनी नियमावली उघडली. कलम चौदा: दुर्मिळ जीवाचं निवासस्थान आणि खाद्यक्षेत्र, दोन्ही सारखीच संरक्षित.

"कुठे जेवतो?" साहेबांनी पेन उघडत विचारलं.

"तळ्याकाठच्या बाकावर. रोज दीड वाजता. मी डोळ्यांनी पाहतो."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"चांगला ओळखतो. स्टीलचा डबा आणतो, तीन पुडांचा."

खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी छताकडे पाहिलं. कोणीही काहीही बोललं नाही, कारण बोलणाऱ्याला ते लेखी द्यावं लागलं असतं. साहेबांनी सावकाश लिहिलं: 'खाद्यक्षेत्र: तळ्याकाठचा बाक व सभोवतालची राई. पुरावा: विश्वासार्ह प्रत्यक्षदर्शी.' सदतीस जातींसाठी अपात्र ठरलेले माळीकाका एका बेडकासाठी एकदम विश्वासार्ह झाले. चार मजली इमारत रद्द झाली.

आता राईच्या फाटकावर पाटी आहे: 'दुर्मिळ बेडकाचे भोजनस्थळ. शांतता राखा.' पक्षी अधिकृतरीत्या अजून शून्यच आहेत. खंड्याची पिल्लं गेल्या मंगळवारी बेकायदेशीरपणे उडाली. मी बाकावर डबा उघडून बसलो होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मान वर केली. फांदीवर एक छोटा काळा-पांढरा पक्षी शेपटी उडवत शीळ घालत होता.

"काका, हा कोण हो?"

"तो?" काका म्हणाले. "तो दयाळ. अकरा वर्षं तुमच्या डब्याशेजारी गातोय. आज विचारलंत!"

मी ही हकीकत ज्याला सांगतो, तो आमच्या विभागाला पोट धरून हसतो. तुम्हीही हसला असाल. हसा, हरकत नाही. फक्त जरा थांबा. तुमच्या खिडकीबाहेर रोज सकाळी जो ओरडतो, त्याचं नाव या खालच्या रकान्यात भरा. यंत्राला विचारू नका. माहीत नसेल, तर 'शून्य' लिहा आणि सही करा. आम्हीसुद्धा तेच लिहिलं होतं.