दहाचा भागाकार

कुलपं बनवणाऱ्या एका प्रतिष्ठित कंपनीच्या अध्यक्षसाहेबांनी वर्ष संपायच्या आधीच वर्तमानपत्रांना सांगून टाकलं, की यंदा दर शेअरमागची मिळकत दहा रुपये असेल. आता अध्यक्षाच्या तोंडून निघालेला आकडा म्हणजे ब्रह्मवाक्यच! तो खरा करून दाखवणं हे हिशेबखात्याचं काम. त्या खात्याच्या प्रमुखाला सगळे दशांशराव म्हणत. कारण हा पठ्ठ्या दूधवाल्याशीसुद्धा दोन दशांशस्थळांपर्यंत घासाघीस करायचा.

दशांशरावांनी अंदाज काढला. नफा वर, शेअर खाली, मध्ये रेघ. उत्तर आलं नऊ पूर्णांक चार दशांश.

"म्हणजे दहाच की!" अध्यक्षसाहेब म्हणाले.

"नाही साहेब. नऊ पूर्णांक चार दशांश."

"मग खालचा आकडा जरा कमी धरा."

"खाली शेअरधारक आहेत, साहेब."

"अरे बापरे! त्यांना हात नका लावू. वरचं वाढवा."

वरचं वाढवायचं तर विक्री वाढवा, नाहीतर खर्च कापा. विक्रीला गिऱ्हाईक लागतं, कात्रीला नुसती सही पुरते. आधी चहा बंद झाला. मग रखवालदार गेला. कुलपाच्या कारखान्यावर रखवालदार ठेवणं म्हणजे स्वतःच्या मालावर अविश्वास दाखवणं, असं परिपत्रकच निघालं. मग कुलपं तपासणारा अख्खा विभाग गेला. त्यानंतर कंपनीचं कुठलंही कुलूप कुठल्याही किल्लीनं उघडू लागलं, आणि जाहिरातखात्यानं त्याला 'ग्राहकस्नेही' म्हटलं. साहेबांच्या परदेशदौऱ्यांना मात्र कात्री लागली नाही. तो खर्च नव्हता, दूरदृष्टी होती. प्रत्येक कपातीचा कागद दशांशरावांनीच तयार केला. वाईट वाटायचं त्यांना, नाही असं नाही. पण उत्तर वर सरकलं की बरंही वाटायचं.

शेवटी गाडं दहाच्या तोंडाशी येऊन अडलं. नेमकं किती कमी पडतंय ते दशांशरावांनी काढलं, पुन्हा काढलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कमी पडत होता तो त्यांचाच पगार.

पन्नाशीचा माणूस, दोन मुलं शिकतायत. एखादा आकडा इकडचा तिकडे केला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण चुकीचं उत्तर लिहायला हात धजेना. त्यांनी कागद साहेबांपुढे सरकवला.

"वा!" साहेबांनी कागदावर सही ठोकली. "किती चपखल बसता हो तुम्ही!"

निकाल छापून आला: दहा. शेपूट नसलेले, निखळ दहा. शेअरनं उसळी घेतली, सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला.

घरी बायकोनं विचारलं, "अहो, आता आपलं भागायचं कसं?"

"सोपं आहे. वर शून्य, खाली आपण चौघं," दशांशराव म्हणाले आणि त्यांना रडूच कोसळलं.

हळहळलात ना? बरं केलंत. पण बँकेतल्या त्या गोडबोल्या बाईंनी तुमच्या गळ्यात मारलेला फंड आठवतोय? त्यात ह्याच कंपनीचे शेअर आहेत. मागच्या महिन्यात मोबाइलवर आकडा हिरवा दिसला आणि तुम्ही खुशीत घरी आइस्क्रीम घेऊन गेलात. तो दशांशरावांचा पगार होता. चव कशी होती?