आईचा ताबा

“काय? थोरला आईला सोडतच नाहीये? आणि धाकटा? तोही घ्यायला तयार नाही?”

धाकटा मुलगा हे बोलला सकाळी अकरा वाजता, कानांवर हेडफोन चढवून आणि म्हणूनच नको तेवढ्या मोठ्याने. शेजारच्या खोलीत त्याची आई मटार सोलत बसली होती. तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

यात पोराचा तसा दोष नव्हता हो. तो घरी बसून एका दवाखान्याचे सर्व्हर सांभाळायचा. सर्व्हर दोन, आणि दोघांत मिळून डिस्कांचा गट एकच. सगळ्या रुग्णांच्या नोंदी त्या गटात. एका वेळी गट एकाच सर्व्हरच्या ताब्यात राहायचा. एकाने सोडला की मगच दुसऱ्याने घ्यायचा. दोघांनी एकदम हात घातला तर नोंदींचा पार चुथडा. आता नावं ठेवायची हौस या पठ्ठ्याला लहानपणापासूनच. त्याने सर्व्हरांना म्हटलं थोरला आणि धाकटा, आणि ज्याच्यावाचून दोघांचं पान हलत नाही त्या गटाला म्हटलं ‘आई’. त्यात माया होती. फक्त ती खऱ्या आईला कधी सांगितली नव्हती.

खरी आई आठ वर्षं थोरल्या मुलाकडे राहत होती आणि आठ दिवसांसाठी इकडे आली होती. पिशवीतले कपडेसुद्धा तिने कपाटात लावले नव्हते. आपण कुणाला जड तर झालो नाही ना, हा एकच प्रश्न तिला आतून खात असे. विचारायचीही सोय नव्हती, कारण दोघंही “छे गं, काहीतरीच काय!” म्हणाले असते आणि तिचा विश्वास बसला नसता.

“अगं, दोघांनी एकदम ओढली तर आईच्या चिंधड्या होतील!” धाकटा फोनवर ऑफिसातल्या हाताखालच्या बाईला सांगत होता. “आधी थोरल्याच्या तावडीतून सोडव. ऐकत नाही? मग मारून टाक त्याला. बिनधास्त मार, जबाबदारी माझी!”

मटार चहूकडे गडगडले. आईने थोरल्या मुलाला फोन लावला.

“तू बरा आहेस ना रे?”

“मला काय धाड भरलीये?”

“दार लावून बस. धाकट्याने तुझ्यावर एक बाई घातलीये.”

“कसली बाई?”

“मारायला! तू मला सोडत नाहीस म्हणून. आणि त्यालाही मी नकोय. जाते बाबा मी कुठेतरी, पण तुम्ही भांडू नका.”

थोरल्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो तडक निघाला, तो गिऱ्हाइकाचा जाड भिंगांचा चष्मा नाकावर तसाच ठेवून. वीस मिनिटांत घरात शिरला आणि आधी कपाटालाच दरडावलं, “आई नकोय तुला? लाज नाही वाटत?”

“मी इकडे आहे,” धाकट्याने हेडफोन उपटून काढला. “आणि कोण म्हणतं नकोय? आठ वर्षं तू सोडलीस का तिला? माझ्या वाट्याला आठ दिवस! मी काय सावत्र आहे?”

“मग तोंड उघडून मागायचं होतंस!”

“तुझ्याकडे? तू तोंड पाडून बसला असतास.”

“बसलोच असतो! आठ दिवस झाले, घर खायला उठलंय. दुकानातून आल्यावर हाक कुणाला मारायची?”

“आणि मी आठ वर्षं कुणाला मारली असेल? भिंतीला?”

दोघांचेही आवाज चिरकले होते. हेडफोन निघाल्यामुळे मोकळा झालेला फोन तेवढ्यात टेबलावरून आनंदाने ओरडला, “सर, थोरला मेला! धाकट्याने आईला घेतलं! आई एकदम ठणठणीत!”

थोरल्याने नकळत स्वतःची छाती चाचपली. आई दाराशी पिशवी धरून उभी होती, ती मटकन खुर्चीत बसली.

मग धाकट्याने सगळं उलगडून सांगितलं. सर्व्हर, ताबा, नावं, ‘मारणं’ म्हणजे नुसतं बंद पाडणं, सगळं. थोरला हसता हसता मटारांवरून घसरला आणि जमिनीवर बसूनच हसत राहिला. आई मात्र हसली नाही.

“म्हणजे ती यंत्रांची भांडणं होती?”

“हो गं! तुझा काही संबंधच नव्हता.”

तिचा चेहरा एवढासा झाला. “सगळीच यंत्रांची?”

थोरल्याने नाकावरचा चष्मा काढला. “नाही,” तो खाली बघत म्हणाला, “मी आल्यानंतरचं आमचं होतं. खरं.”

आईने डोळे पुसले. खुर्ची पुढे ओढून नीट सावरून बसली.

“मग तेवढं पुन्हा भांडा,” ती म्हणाली. “पहिल्यापासून. आणि जरा मोठ्याने. मघाशी मी घाबरले होते ना, मला धड ऐकू आलं नाही.”