देवस्थळी आणि शेवटचा आकडा

‘सुमारे’ हा शब्द ऐकला की देवस्थळी उठून जात. एका मुंजीत यजमान कौतुकाने म्हणाले, “सुमारे तीनशे पानं उठली.” देवस्थळी वाढलेलं ताट सोडून निघाले. मी दारात गाठलं, तर म्हणाले, “ज्याला पानं मोजता येत नाहीत, त्याच्या जिलबीवर काय भरवसा ठेवायचा?”

मी सदाशिव पेठेत त्यांच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर राहते. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर, सगळी पेठ कॉम्प्युटर शिकत होती म्हणून देवस्थळीही क्लासला गेले. पहिल्याच आठवड्यात भांडण. दोन लांबलचक संख्यांचा गुणाकार घातला, तर यंत्राने सुरुवातीचे आकडे दाखवून पुढे शून्यांची रांग लावली.

“बाई, ही शून्यं खरी आहेत का?” त्यांनी क्लासच्या शिक्षिकेला विचारलं.

“नाही काका. संख्या फार मोठी झाली की कॉम्प्युटर डावीकडचे आकडे ठेवतो, उजवीकडचे सोडून देतो.”

“सोडून देतो? कोणाला विचारून?”

तोंड वाकडं करून घरी आले. त्यांच्या पत्नी सुधावहिनी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, “एवढा घास मावत नसेल तर तुकडे करून भरवा की. चार-चार आकड्यांचे कप्पे पाडा, एकेका कप्प्याचा गुणाकार करा, हातचा पुढच्या कप्प्यात. चौथीतली पोरंही करतात.”

देवस्थळींनी घरी कॉम्प्युटर आणून तसा प्रोग्रॅम लिहिला आणि बिल्डिंगला जगणं नकोसं केलं. दारं वाजवून विचारत, “तुमचा फोन नंबर गुणिले स्कूटरचा नंबर, शेवटच्या आकड्यापर्यंत! हवाय?” तळमजल्यावरचे लेले म्हणाले, “याचा उपयोग काय?”

“तुमचा तरी काय आहे?”

मग वहिनींना विसर पडू लागला. आधी गॅसवरचं दूध, मग माझं नाव. डॉक्टर म्हणाले, तब्येत साधारण ठीक आहे, डोकं चालतं ठेवा. देवस्थळी भडकले. “साधारण म्हणजे काय? मी स्वतः तपासतो.”

तपासणी दर रविवारी. पक्षपात नको म्हणून संख्या मी द्यायच्या. माझ्या कामांच्या यादीत किराण्याखाली ते काम असे. वहिनी कागदावर गुणाकार करत, देवस्थळी आतल्या खोलीत यंत्रावर. मी मधल्या दारात पंच. कुकरला शिट्टी करायची परवानगी नव्हती. मग वहिनी उजवीकडून एकेक आकडा वाचत आणि आतून ‘बरोबर’ येई. सगळे जुळले की देवस्थळी बिल्डिंगभर पेढे वाटत. “एकही हातचा सुटला नाही! कसला विसर नि कसलं काय!”

एका रविवारी वहिनी वाचत होत्या. “सात.”

“बरोबर.”

“शून्य.”

“बरोबर.”

“चार.”

मला दोघंही दिसत होते. पडद्यावर पाच होता.

“चार,” वहिनी पुन्हा म्हणाल्या. “अहो, चुकलं का माझं?”

देवस्थळींनी त्या पाचावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग यंत्र बंद केलं.

“तुझं नाही गं. माझ्या प्रोग्रॅममध्येच घोळ आहे.”

“मग दुरुस्त करा,” वहिनी शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. “आळस नको.”

“करतो.”

मला सोडायला ते जिन्यापर्यंत आले. कठड्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “पुढच्या वेळी जरा लहान संख्या आणा हो. आमच्या मशीनला मोठ्या झेपत नाहीत.”