अनवधानाने पडण्याची नियमावली

पिण्याचं पाणी ही जनतेची मालमत्ता आहे, आणि जनतेच्या मालमत्तेचं रक्षण करायचं तर ती जनतेपासूनच जपावी लागते, याबद्दल शहाण्या माणसांत दुमत असू नये. म्हणून तर शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या काठावर 'पोहण्यास सक्त मनाई आहे' असा लोखंडी फलक लावला होता. फलक चांगला भक्कम होता. लोक त्यावर टॉवेल वाळत घालत आणि त्याच्याच पायथ्याशी चपला काढून पाण्यात सूर मारत.

या जलाशयाचे निरीक्षक अत्यंत कर्तव्यदक्ष गृहस्थ होते. रोज पाण्याचा नमुना काचेच्या नळीत घेऊन उजेडाकडे धरायचा, मान हलवायची आणि नळी खोक्यात ठेवायची, यात त्यांचा कधी खंड पडला नाही. पाण्यात मात्र त्यांनी घोट्याच्या वर पाय घातला नव्हता, कारण त्यांना पोहता येत नसे. (जलाशय निरीक्षकाला पोहता यावं अशी अट सेवानियमांत नाही. आणि का असावी? पोहणं बंद करणं हे ज्याचं काम, त्यानं पोहायला शिकणं म्हणजे दारूबंदीच्या अधिकाऱ्यानं दोन घोट घेऊन दाखवण्यासारखं झालं.)

दुर्दैव असं, की निरीक्षकांचे वडील पट्टीचे पोहणारे होते. उभी हयात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत उभं राहून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. "आता औषध एकच. रोज तासभर पाण्यात राहा, नाहीतर खुर्चीत बसा," असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. तेव्हापासून सकाळ झाली की म्हातारा काठी टेकत जलाशयावर हजर.

"बाबा, निदान तुम्ही तरी नका हो जाऊ," निरीक्षक काकुळतीला येत. "मी नोकरीला आहे तिथे."

"म्हणून तर निर्धास्त जातो," बाबा म्हणत. "घरचं माणूस लक्ष ठेवायला आहे म्हटलं."

अशात पाण्यात लोक पोहतात अशी तक्रार वर गेली. तक्रारीवर शेकडो नागरिकांच्या सह्या होत्या, त्यातल्या बऱ्याच ओल्या हातांनी केलेल्या. मोठ्या साहेबांनी निरीक्षकांना केबिनमध्ये बोलावलं. "पाहणी समिती येतेय. पोहण्याची प्रकरणं शून्य दिसली पाहिजेत. शून्य दिसली तर तुम्ही मुख्य निरीक्षक. नाही दिसली तर तुमची बदली कुठे करायची ते मी नकाशात बघून ठेवलंय."

निरीक्षकांनी त्याच दिवशी पहिला गुन्हेगार पकडला. तो शिंपी होता. त्यानं टॉवेल गुंडाळून जबाब दिला, "साहेब, मी पोहत नव्हतो. पाय घसरला, पडलो. आता पडल्यावर हातपाय हलवले ते बुडू नये म्हणून. बुडायला हवं होतं का? तसं सांगा, पुढच्या वेळी लक्षात ठेवतो."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. निरीक्षक विचारात पडले. त्यांनी नियम पुन्हा वाचले. पोहायला मनाई होती, पण पडायला कुठेच नव्हती. म्हणजे पडण्याची नीट व्यवस्था लावली, तर पोहणं आपोआप शून्य होणार, समिती खूश होणार आणि बाबांचे गुडघेही शाबूत राहणार. इतका सरळ उपाय आजवर कुणाला सुचू नये याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं. आठवडाभरात 'अनवधानाने पडण्याची नियमावली' मंजूर होऊन आली.

तिच्यातल्या तरतुदी कुणालाही पटतील अशाच होत्या. ज्या नागरिकाला अनवधानाने पडायचं असेल त्यानं आदल्या दिवशी तसं कळवावं. पडण्याची जागा म्हणजे उत्तरेकडच्या पायऱ्या. अन्यत्र पडल्यास तो निष्काळजीपणा समजला जाईल. पडताना चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं पाहिजे. ज्येष्ठ नागरिकांना सावकाश पडण्याची मुभा राहील. पडण्यात काही हेतू नव्हता हे सिद्ध व्हावं म्हणून पडलेल्यानं 'वाचवा' अशी आरोळी स्पष्ट शब्दांत तीनदा ठोकावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ही आरोळी ऐकून कुणीही वाचवायला जाऊ नये. कारण वाचवायला जाणारा अनवधानाने जात नाही, तो सरळसरळ पोहतो. (प्रत्यक्ष बुडणाऱ्याला वाचवण्यास सूट होती. मात्र तो प्रत्यक्ष बुडत होता, हे नंतर सिद्ध करावं लागे.) बुडणाऱ्याकडे फेकायला काठावर ठेवलेले हवेचे टायर करमणुकीचं साधन ठरल्यामुळे उचलून भांडारात जमा करण्यात आले.

नियमावलीला जनतेनं जो प्रतिसाद दिला त्याला तोड नाही. सकाळपासून पायऱ्यांवर पडणाऱ्यांची रांग लागे. बेकरीवाला 'वाचवा' तालात म्हणे. शिंपी सहकुटुंब पडे. बायकांची पडण्याची वेळ वेगळी ठेवली होती, आणि त्या पडल्यानंतर निवांत गप्पा मारत मधूनमधून आठवण ठेवून 'वाचवा' म्हणत. बाबांना आरडाओरडा मुळीच आवडत नसे. ते छापखान्यात मुद्रितं वाचायचे त्याच आवाजात "वाचवा, वाचवा, वाचवा" म्हणून घेत आणि पलीकडच्या काठाकडे निघत. पोहण्याच्या प्रकारांत शंभर टक्के घट झाली. पडण्याचं प्रमाण काहीसं वाढलं हे खरं, पण तो विषय पादत्राणांचा. पाणी खात्याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

समिती आली. काठावर छत्र्या उघडल्या, चहा आला. निरीक्षक पाण्याकडे पाठ करून शेवटच्या पायरीवर उभे राहिले आणि नियमावली समजावून सांगू लागले. सांगता सांगता उत्साहाच्या भरात ते एक पाऊल मागे सरकले. तिथे शेवाळ होतं.

"वाचवा!" निरीक्षक ओरडले.

"वा, प्रात्यक्षिक!" समितीचे अध्यक्ष कप खाली ठेवत म्हणाले. "चेहऱ्यावरचं आश्चर्य बघा जरा. कामावर निष्ठा असावी तर अशी."

"वाचवा! वाचवा!"

"तीन झाले," सदस्यांनी बोटं मोजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यानंतर निरीक्षक आणखी चार-पाच वेळा ओरडले. हे नियमापेक्षा जास्त होतं, पण अधिकाऱ्यानं जनतेपुढे आदर्श ठेवायचा तर थोडं जास्तच करावं लागतं, असं अध्यक्षांनी सदस्यांना समजावलं. बेकरीवाला काठावरून सल्ला देत होता, "साहेब, हात मोकळे सोडा, हात! असं काय मांजरासारखं!" लोक पोट धरून हसत होते. मग निरीक्षक पाण्याखाली गेले. हा प्रकार नियमावलीत नव्हता, त्यामुळे सगळ्यांना त्याचं विशेष कौतुक वाटलं.

बाबा वरच्या पायरीवर अंग पुसत बसले होते. ते काठी टाकून उठले. "अरे, माझ्या पोराला पोहता येत नाही रे!" असं ओरडत त्या गुडघ्यांनी ते पायऱ्या कशा उतरले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी उडी मारली. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, तोंडात 'वाचवा' नव्हतं, आणि सावकाश पडण्याच्या सवलतीचा तर त्यांनी विचारही केला नाही. पोराची कॉलर धरून त्यांनी त्याला पायरीवर आणलं, पालथा घातला आणि पाठीवर थापट्या मारत राहिले. "आहे मी, आहे," असं ते म्हणत होते. (निरीक्षकांच्या पोटातून निघालेल्या पाण्याचा नमुना तपासणीला पाठवण्यात आला. तो पिण्यास योग्य निघाला.)

समितीनं नियमावली सर्व जलाशयांना लागू करण्याची शिफारस केली. गालबोट लागलं ते एकच: समितीच्या डोळ्यांदेखत एक ज्येष्ठ नागरिक उघड उघड पोहले होते. शून्याचं एक झालं. चौकशी लागली. मुद्दा सोपा होता. निरीक्षक प्रत्यक्ष बुडत होते का? बुडत असतील तर म्हातारा निर्दोष. नसतील तर त्याला पाण्यात उतरायला जन्मभर बंदी.

निरीक्षकांना समोर बसवून विचारलं गेलं. टेबलावर त्यांच्या बढतीचा आदेश सहीसाठी तयार होता. मोठे साहेब आधीच कानात सांगून गेले होते, की जलाशयाचा अधिकारी स्वतःच्याच जलाशयात, स्वतःच्याच नियमानं बुडाला असं निघालं, तर नियमावलीही जाईल आणि तुम्हीही. निरीक्षकांनी बाबांकडे पाहिलं नाही.

"मी प्रात्यक्षिक करून दाखवत होतो," ते म्हणाले.

बाबांनी काठी घेतली. दारातून बाहेर पडताना ते मुलाजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, "खोकला अजून आहे तुझा. सूनबाईला सांग, छाती शेकून दे म्हणावं." निरीक्षकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आदेशावर सही झाली.

आता बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसतात. मुख्य निरीक्षक रोज सकाळी घमेल्यात गरम पाणी आणून त्यांचे पाय त्यात ठेवतात आणि स्वतः खाली बसून गुडघे चोळतात. "जरा वर," एवढंच बाबा म्हणतात. गुडघे आता वाकत नाहीत.

अपिलाची सोय मात्र आहे. आपली यंत्रणा निर्दयी नाही. मुख्य निरीक्षकांचा जबाब झालेला असल्यानं तो बदलता येत नाही, पण नात्यातला नसलेला एक साक्षीदार हवा, ज्यानं 'माणूस बुडत होता, मी पाहिलं' एवढं सांगावं. मुख्य निरीक्षक स्वतः घरोघर फिरले. शिंप्यानं हात जोडले. बेकरीवाल्याचे डोळे भरून आले. "साहेब, तुमच्यासाठी जीव देईन. पण तुम्हाला पोहता येत नाही हे आम्हाला काय ठाऊक? आम्ही आपले हसत होतो." बरोबरच आहे. माहिती नसलेल्याला दोष देता येत नाही.

तेव्हा वाचकहो, आता आपलाच आधार आहे. आपण नात्यातले नाही. सगळं अगदी जवळून पाहिलंत. आणि निरीक्षकांना पोहता येत नाही, हे त्या वेळी काठावर बाबांखेरीज एकट्या आपल्यालाच ठाऊक होतं. साक्षीला आलात तर समिती एकच प्रश्न विचारेल: माणूस पाण्याखाली गेला, तेव्हा आपण काय करत होता?