बाहेर जायची सोय नसलेलं पान

पास्करेली साहेबांनी पुन्हा हाक मारली तेव्हाच मार्लिसने ओळखलं, की पानावर अजून एखादी लिंक जिवंत राहिली आहे. मिनेसोटातल्या ब्रेनर्ड गावच्या त्या जाहिरात कचेरीत साहेबांचं एकच तत्त्व होतं आणि ते त्यांनी न्यू जर्सीहून येताना सामानासोबत आणलं होतं. जाहिरातीवर बोट ठेवून माणूस ज्या पानावर उतरतो, तिथून त्याला दुसरीकडे कुठे जाता येता कामा नये. समोर फक्त अर्ज. भरला तर सुटका.

"गिऱ्हाईक आत आलं की कडी लावायची," साहेब म्हणाले. "हे खाली 'आमच्याविषयी' कशाला ठेवलंयस? ते वाचायला जाईल आणि तिकडेच हरवेल."

"जाहिरात तपासणारे बघतात हो ते. पत्ता नाही, माणसं नाहीत, नुसताच अर्ज, असं पान दिसलं की त्यांना लबाडीचा वास येतो."

साहेबांनी विचार केला. विचार केल्यावर ते जास्तच धोकादायक होत. लिंका राहू देत, पण पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत, असा तोडगा त्यांनी काढला. तपासणाऱ्यांना सापडतील, गिऱ्हाइकाला दिसणार नाहीत. लपवलेली लिंक म्हणजे शोधयंत्राच्या लेखी उघड फसवणूक, आणि शिक्षा त्या एका पानाला नाही तर जाहिरात देणाऱ्याच्या सगळ्या दुकानाला होते, हे मार्लिसने सांगून पाहिलं. साहेबांनी तिच्या अभ्यासाचं कौतुक केलं आणि रंग बदलायला सांगितलं.

दुसऱ्या कुणाचं दुकान असतं तर तिने खांदे उडवले असते. पण हे दुकान तिच्या सासऱ्यांचं होतं. ऑरिन हॉगन बर्फावरच्या मासेमारीची खोपटी बांधत. तळं गोठलं की खोपटं ओढत न्यायचं, बर्फाला भोक पाडायचं, आत शेगडी पेटवायची आणि दिवसभर संसारातून रजा घ्यायची. विक्री काय ती तळं गोठायच्या आधी. हे काम कचेरीत आणलं होतं सुनेनेच, जरा मिरवत. यंदा अंगणभर खोपटी उभी होती आणि तळ्याच्या काठाला बर्फाचा पापुद्रा धरू लागला होता.

सुरुवातीला रोज अर्ज आले. साहेब त्यांचा आकडा कचेरीभर दाखवत फिरले; नावं कुणी वाचली नाहीत. मग शोधयंत्राने पांढऱ्यावरचं पांढरं वाचलं. जाहिरात बंद पडली आणि पाठोपाठ ऑरिन यांचं अख्खं संकेतस्थळ शोधातून नाहीसं झालं. 'हॉगन' शोधलं की आता त्याच आडनावाच्या दंतवैद्याचा हसरा फोटो येई.

रविवारी मार्लिस सासरी जेवायला गेली. शेवटी तिने सगळं सांगून टाकलं. सासूबाई बर्नडीन यांनी तिच्या ताटात भट्टीत भाजलेलं बटाटे-खिम्याचं हॉटडिश आणखी वाढलं. ऑरिन यांनी काटा खाली ठेवला.

"ते पान जरा वेगळंच होतं," ते म्हणाले. मिनेसोटातला सभ्य माणूस याहून कडक शिवी देत नाही.

"पण अर्ज तर आले होते की," मार्लिस म्हणाली.

ऑरिन यांनी घसा खाकरला. "ते माझेच. बघायला गेलो, तर बाहेर पडायची वाटच दिसेना. आपण आत आलोय आणि काही न बोलता उठून जायचं, बरं दिसत नाही ते. म्हणून भरला. मग रोज बघायला जायचो, रोज भरायचो."

मार्लिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारी तिने साहेबांना न विचारता सगळ्या लिंका ठळक काळ्या केल्या आणि शोधयंत्राकडे माफीचा अर्ज धाडला. उत्तराला कित्येक आठवडे लागणार होते, आणि तळं काही थांबणार नव्हतं. निदान माफी मागायला स्वतः चला, म्हणून ती साहेबांना घेऊन सासऱ्यांकडे गेली. पाच मिनिटांत उरकू, गाडी बंद करू नकोस, असं साहेबांनी बजावलं.

कॉफी झाली. माफीही झाली. "बरं तर मग," म्हणून ऑरिन यांनी मांडीवर थाप मारली आणि साहेब खूश होऊन उठले. इकडे मिनेसोटात ही निघण्याची फक्त सुरुवात असते, हे न्यू जर्सीच्या माणसाला कोण सांगणार. खुर्चीपाशी हवेवर बोलणं झालं, दारात माशांवर. पायरीवर बर्नडीन यांनी गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिकत काढली आणि घरी न्यायला बशीभर केक बांधून दिला. साहेब गाडीत बसले, तर ऑरिन खिडकीवर कोपर टेकून उभे. काच वर करायची म्हणजे म्हाताऱ्याचा हात चेंगरायचा.

"आलाच आहात तर खोपटी बघून जा."

अंधार पडेस्तोवर साहेबांनी प्रत्येक खोपट्यात बसून पाहिलं. शेवटच्या खोपट्यात त्यांचा आवाज पार बसला होता. "हे मी घेतो," ते म्हणाले. "आता जाऊ?"

मार्लिसने त्याच रात्री मासेमारीच्या सामानाच्या दुकानात कागद चिकटवला: खोपटी बघायला या, कॉफी तयार आहे. आले त्यांतलं कुणीही रिकाम्या हाताने बाहेर पडू शकलं नाही. शोधयंत्राने माफ केलं तेव्हा अंगणात विकायला काही उरलं नव्हतं.

साहेब हल्ली शनिवारी तळ्यावर जातात, दार आतून लावून घेतात आणि शेगडीसुद्धा पेटवत नाहीत, न जाणो धूर दिसायचा. तरी थोड्या वेळात दारावर टकटक होते. बाहेर ऑरिन उभे असतात, कॉफीचा थर्मास घेऊन.